निघणे, सुटणे, उठणे : ठिकाण सोडण्याचे मराठी शब्द

मराठीत एखादे ठिकाण सोडून जाण्यासाठी कितीतरी शब्द आहेत आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या जागी सहसा चालत नाही. पाहुणा निघतो, एसटी सुटते, पालखी प्रस्थान ठेवते, फौज कूच करते, नवरीची पाठवणी होते, आठवडी बाजार फुटतो, धरणात जाणारे गाव उठते आणि गुंड तडीपार होतो. एकच क्रिया सांगण्याच्या या निरनिराळ्या तऱ्हा आहेत असे वरवर वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक शब्द दोन प्रश्नांचे उत्तर आपल्यापाशी बाळगून असतो. जाणारा परत येणार आहे का? आणि तो आपल्या मर्जीने निघाला आहे का? या दोन प्रश्नांवर शब्दांचे सगळे बारकावे उभे आहेत.

सर्वांत साध्या तीन वाक्यांपासून सुरुवात करता येते. कोल्हापूर जिल्ह्यातले पेठ वडगाव हे हातकणंगले तालुक्यातले बाजाराचे गाव. वारणा आणि पंचगंगा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, पुणे-बंगळूर महामार्गाजवळ ते वसलेले आहे. तिथल्या एखाद्या माणसाबद्दल म्हणता येते, ‘तो वडगावहून निघाला’, ‘तो वडगावला निघाला’ किंवा ‘त्याने वडगाव सोडले’. पहिल्या दोन वाक्यांत फक्त दिशा बदलते आणि ती बदलायला ‘हून’ आणि ‘ला’ एवढे प्रत्यय पुरतात. तिसऱ्या वाक्यात मात्र एक आयुष्य बदलते. ‘सोडले’ म्हटले की घराला कुलूप लागले, शेत वाट्याने दिले, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले काढले, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळते. इंग्रजी या तिन्ही ठिकाणी ‘लीव्ह’ हे एकच क्रियापद वापरू शकते आणि फरक दाखवायला पुढे ‘फॉर’ जोडते किंवा जोडत नाही. मराठी माध्यमातल्या मुलांचे ‘लीव्ह मुंबई’ आणि ‘लीव्ह फॉर मुंबई’ यांत हमखास चुकते, त्याचे कारण हेच. मराठीत निघणे वेगळे आणि सोडणे वेगळे.

घराच्या उंबऱ्यावर पहिला नियम असा की ‘जातो’ म्हणायचे नाही. ‘येतो’ म्हणायचे, फार तर ‘जाऊन येतो’. कोल्हापूर भागात बायकाही स्वतःबद्दल बोलताना ‘मी येतो’, ‘मी करतो’ असेच म्हणतात. त्यामुळे वडगावात दारातून ऐकू आलेले ‘येतो हं’ सुनेचे की सासऱ्याचे, हे फक्त आवाजावरून ओळखायचे. ‘जाणे’ हे क्रियापद मृत्यूसाठी राखून ठेवल्यासारखे झाले आहे. ‘आजोबा गेले’ एवढ्यावर वाक्य पूर्ण होते, कुठे गेले हे कोणी विचारत नाही. म्हणून जिवंत माणसाने स्वतःच्या जाण्याचा उच्चार टाळायचा. दुकान बंद करायला ‘दुकान वाढवले’ म्हणणारी, फुटलेल्या बांगडीला ‘वाढवली’ म्हणणारी भाषा इथेही तीच काळजी घेते. ही समजूत एकट्या मराठीची नाही. सीमेपलीकडे कन्नडमध्ये निरोप घेताना ‘होगी बर्तीनी’ म्हणजे ‘जाऊन येते’ म्हणतात आणि गोव्यात कोंकणी माणूसही ‘येता’ म्हणूनच उठतो.

गंमतीचा भाग असा की हे बंधन फक्त जाणाऱ्यावर आहे. मागे राहणारा खुशाल ‘सावकाश जावा’ म्हणू शकतो. कोल्हापूरकडे ‘जावा’ हे आदराचे रूप आहे. पण त्याआधी ‘बसा की, गडबड काय हाय?’ हे एकदा तरी म्हणावेच लागते. आणि निघालेल्या माणसाला ‘कुठे निघालात?’ असे विचारणे जुन्या माणसांना खपत नाही. ‘कुठे’ शब्दाने कामात विघ्न येते, असा समज. त्याऐवजी ‘लांब निघालात का?’ असे विचारायचे. उत्तर तेच मिळते आणि अपशकूनही टळतो.

‘प्रस्थान’ हा शब्द आज बहुतेकांना आषाढी वारीमुळे माहीत आहे. ज्येष्ठ महिन्याच्या वद्य पक्षात देहूहून तुकाराम महाराजांची आणि आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी प्रस्थान ठेवते. यातले ‘ठेवते’ हे क्रियापद विचार करण्याजोगे आहे. निघणे हे ‘ठेवायचे’ कसे? याचे उत्तर एका जुन्या प्रवासरीतीत आहे. ज्योतिष्याने काढून दिलेला मुहूर्त पहाटेचा किंवा दोन दिवस आधीचा असे आणि प्रत्यक्ष निघायला तर अजून अवकाश असे. अशा वेळी प्रवासाला जाणारा माणूस आपल्या सामानातली एखादी वस्तू, एखादे वस्त्र किंवा नारळ-सुपारी बांधलेले गाठोडे, त्या मुहूर्तावर जायच्या दिशेला असलेल्या दुसऱ्याच्या घरी किंवा देवळात नेऊन ठेवी. याला प्रस्थान ठेवणे म्हणत. गाठोडे घराबाहेर पडले म्हणजे माणूस निघाला असे धरायचे. मग सवडीने निघून, वाटेत ते उचलून तो पुढे जाई. पालखीच्या प्रस्थानातही हा अर्थ शिल्लक आहे. आळंदीत प्रस्थानाच्या दिवशी पालखी देवळातून बाहेर पडते, पण त्या रात्री मुक्काम आळंदीतच, आजोळघरी असतो. पुण्याची वाट दुसऱ्या दिवशी धरली जाते. वर्तमानपत्रे पहिल्या दिवशी ‘प्रस्थान’ आणि दुसऱ्या दिवशी ‘मार्गस्थ’ लिहितात, ते अगदी बरोबर आहे.

फौजांचीही रीत अशीच होती. दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की मोहिमा निघत. पण सेनापती वाड्यातून निघाला की थेट शत्रूच्या मुलखात जात नसे. आधी तो ‘डेरेदाखल’ होई, म्हणजे गावाबाहेर मारलेल्या तंबूत राहायला जाई. पुण्यात पेशव्यांचे डेरे गारपिरावर पडत. घर सुटलेले असे आणि गाव अजून डोळ्यांसमोर असे. फौज जमली, दाणागोटा भरला की मग ‘कूच’ होई आणि ‘मजल दरमजल’ करीत ती पुढे सरके. कूच, मजल, मुक्काम, रवाना हे शब्द फारसी-अरबीतून आलेले. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेऊन दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, पण रस्त्यावरच्या शब्दांनी काही जागा सोडली नाही. ‘रवाना’ तर इतका रुळला की आज माणसापेक्षा मालालाच अधिक लागतो. गुळाच्या ढेपा रवाना होतात, मदतीचे ट्रक रवाना होतात. माणूस रवाना झाला म्हटले तर त्याला कोणीतरी धाडले आहे, असा वास येतो.

घोड्यावरच्या त्या दिवसांनी घाईने जाण्याचे शब्दही दिले. ‘गाशा गुंडाळणे’ मधला गाशा म्हणजे खोगिरावर घालायचे कापड. मुक्काम संपला की तो गुंडाळायचा, एवढाच मूळ अर्थ. आता त्यात अपयश शिरले आहे. न चाललेली कंपनी गाशा गुंडाळते, चांगली चाललेली नव्या जागेत ‘जाते’. ‘पोबारा करणे’ हे सोंगट्यांच्या खेळातल्या दानावरून आले. ‘धूम ठोकणे’ मध्ये वेग आहे, ‘सुंबाल्या करणे’ मध्ये वेगाबरोबर पाहणाऱ्याचे हसू आहे. ‘काढता पाय घेणे’ सगळ्यांत सभ्य. त्यात पळणे नाही, पण बसल्या जागी काहीतरी बिघडणार हे ओळखून वेळेत उठणे आहे. ‘सटकणे’ मध्ये कोणाचे तरी लक्ष चुकवलेले असते आणि ‘निसटणे’ मध्ये कोणाची तरी पकड. हा फरक पोलिसांच्या बातम्यांत नेमका पाळला जातो. आरोपी हातकडीतून निसटतो आणि नाव कळण्याआधीच गावातून सटकलेला असतो. नंतर तो ‘फरार’ होतो. फरार या शब्दाला गती उरलेली नाही, ती एक कायदेशीर अवस्था आहे. माणूस वर्षानुवर्षे एकाच खोलीत बसून फरार असू शकतो.

ठिकाणाऐवजी माणसाची बाजू सोडली, तर शब्द आणखी नाजूक होतात आणि इथे वडगावचा इतिहास कामाला येतो. सेनापती धनाजी जाधव १७०८ मध्ये वडगावला वारले. त्यांची समाधी तिथे आहे. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर १७०७ मध्ये, भीमेकाठच्या खेडला महाराणी ताराबाईंच्या फौजेची आणि मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांच्या फौजेची गाठ पडली. धनाजी जाधव ताराबाईंकडून गेले होते, पण ते शाहू महाराजांच्या बाजूला आले. हे एकच कृत्य मराठीत तीन तऱ्हांनी सांगता येते. ‘शाहूंकडे रुजू झाले’ म्हटले की ते खऱ्या धन्याकडे गेले असा अर्थ निघतो. ‘शाहूंना जाऊन मिळाले’ हे घडले तेवढेच सांगते. ‘फितले’ हा शब्द ज्याला सोडून गेले, त्याच्याच तोंडी शोभतो. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांच्या वादात कोणता लेखक कुठे उभा आहे, हे या एका क्रियापदावरून ओळखता येते. धनाजींचा मुलगा चंद्रसेन पुढे सेनापती झाला. बाळाजी विश्वनाथाशी बिनसल्यावर १७११ मध्ये तो शाहूंना सोडून ताराबाईंकडे गेला आणि पुढे निजामाकडे. दोन पिढ्यांत तीनदा बाजू सोडली गेली. अशा जाण्यायेण्याने दोन्ही गाद्या इतक्या त्रासल्या होत्या की १७३१ च्या वारणेच्या तहात एकमेकांकडचे चाकर लोक ठेवून घेऊ नयेत, असे एक कलमच घालावे लागले. आजच्या राजकारणात ही सगळी गुंतागुंत ‘रामराम ठोकला’ आणि ‘सोडचिठ्ठी दिली’ या दोन वाक्प्रचारांत भागवली जाते. वर्तमानपत्रांची सोय होते, पण नेता स्वतः गेला की त्याला जायला भाग पाडले, हे वाचकाला कळत नाही.

दरबारात तर आपल्या मर्जीने उठून जाण्याची सोयच नव्हती. जायचे तर परवानगी हवी. ‘निरोप’ या शब्दाचा जुन्या मराठीतला अर्थ आज्ञा, अनुज्ञा असा आहे. निरोप घेणे म्हणजे जाण्याची परवानगी घेणे आणि निरोप देणे म्हणजे ती देणे. ‘आता रजा घेतो’ यातली रजाही तीच, अरबी शब्दाचा अर्थ संमती. विडा हातावर ठेवला की बैठक संपली, असा संकेत होता. ‘बिदागी’ही निरोपाचीच, म्हणजे निरोपाच्या वेळी गवयाला, कीर्तनकाराला द्यायचे मानधन. आज निरोप समारंभात सत्कार होतो आणि परवानगीचा कोणाला पत्ता नसतो, पण कचेरीतल्या ‘रजेच्या अर्जा’त ती जुनी संमती अजून मागितली जाते.

गाडी मात्र ‘सुटते’. हे क्रियापद दावणीवरून आले असावे असे मराठी माणसाला वाटते, कारण दावे सोडले की जनावर सुटते. एसटी स्टँडवर आधी गाडी ‘लागते’, म्हणजे फलाटावर येऊन उभी राहते. कंडक्टर डबल बेल देतो आणि गाडी ‘सुटते’. उशिरा आलेल्याची ती ‘चुकते’. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून गावोगावच्या लोकांनी लागणे-सुटणे-चुकणे ही क्रियापदे आपोआप जुळवून घेतली. कोणाला ती शिकवावी लागली नाहीत.

‘सुटणे’ आणि ‘सोडणे’ या जोडीपाशी थोडे थांबायला हवे, कारण मराठीतल्या या विषयाचे मर्म तिथे आहे. ‘त्याने नोकरी सोडली’ यात तो कर्ता आहे. ‘त्याची नोकरी सुटली’ यात नोकरीच आपल्या पायांनी निघून गेली आणि तो बघत राहिला. ‘व्यसन सोडले’ म्हणणाऱ्याने निर्धार केला, ‘व्यसन सुटले’ म्हणणारा नशिबाचे आभार मानतो. मराठीत अशा जोड्या पुष्कळ आहेत. निघणे-काढणे, उठणे-उठवणे, हलणे-हलवणे. घर रिकामे झाले एवढेच डोळ्यांना दिसते. भाडेकरू निघाला की त्याला काढला, हे क्रियापद सांगते.

‘शाळा सुटली’ या दोन शब्दांत तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संध्याकाळी घंटा झाली की शाळा सुटते आणि पोरे दप्तर हलवत घरी पळतात. ऊसतोडणीच्या टोळीबरोबर आलेल्या मुलाची शाळा सुटते, तेव्हा घंटा होत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या, अहिल्यानगरकडच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात उतरतात. वडगावचा परिसरही, जिथे वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला वारणा सहकारी साखर कारखाना आहे, हा उसाचाच मुलूख. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेले पैसे म्हणजे ‘उचल’. ही माणसे ‘स्थलांतर करतो’ असे कधी म्हणत नाहीत. ‘कारखान्याला चाललो’ म्हणतात. त्या वाक्यात परतीची खात्री आहे, कारण कारखान्याचा ‘पट्टा पडला’, म्हणजे गाळप संपले, की गावी जायचेच आहे. पण त्यात मर्जी किती आणि उचल किती, हे विचारायला हवे. जुन्या फौजा दसऱ्याला निघायच्या आणि पावसाळ्याआधी घरी परतायच्या. तोडकऱ्यांचे पंचांगही जवळपास तेच आहे. फौज लुटीच्या आशेने निघे, टोळी आधीच घेतलेल्या पैशाच्या ओझ्याने निघते.

दुष्काळी भागात याहून उघडा शब्दप्रयोग आहे. ‘जगायला गेले’. १९७२ च्या दुष्काळात माणदेश आणि मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे जगायला गेली. कुठे गेली, हे वाक्यात नसले तरी चालते. कशासाठी गेली, ते आहे. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या घाटावरच्या माणसांसाठी ‘गिरणीत लागला’ म्हणत. गावाशी नाते मोडत नसे, पेरणीला आणि जत्रेला तो येई. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर अनेक जण ‘कायमचे गावी आले’. ‘कायमचे’ हे विशेषण येण्याला लावावे लागले, हीच त्या कामगारांची खरी हकीकत. आधी जाणे कायमचे नव्हते, आता येणे कायमचे झाले.

बायकांच्या जाण्याचा कोश स्वतंत्र आहे आणि तो वाचताना मन जड होते. लग्नानंतर मुलगी ‘जात’ नाही, तिची ‘पाठवणी’ होते. ती ‘नांदायला’ जाते. बरोबर पाठराखीण असते. साडीचोळी देऊन माहेरची माणसे तिची ‘बोळवण’ करतात. सणाला तिला आणायचे तर ‘मूळ’ पाठवायचे आणि आणायला जाणारा तो ‘मुराळी’. या सगळ्या शब्दांत तिला पाठवणारे, आणणारे, राखणारे कोणीतरी आहे, ती स्वतः चालते असा शब्दच नाही. गौरी-गणपतीलाही ‘बोळवण’ हाच शब्द. देवाला निरोप देताना पुढच्या वर्षी लवकर यायचे आमंत्रण गर्जून दिले जाते आणि पूजेच्या शेवटी भटजी ‘पुनरागमनायच’ म्हणतात, म्हणजे परत येण्यासाठीच. मुलीच्या बाबतीत भाषा एवढी उदार राहिलेली नाही. संसार मोडला की ‘नवऱ्याने टाकली’, ‘सोडून दिली’ असे म्हणतात, आणि ती आपल्या पायांनी माहेरी आली तर ‘निघून आली’. ‘निघून’ मधला ‘ऊन’ तेवढा आरोप करतो. नवरा घर सोडून गेला तर ‘निघून गेला’ म्हणतात, पण ‘टाकलेला नवरा’ असा शब्दप्रयोग कोणी ऐकलेला नाही. या एका जागी मराठीने बदलावे असे वाटते आणि ती बदलते आहे. ‘वेगळी राहते’ हे साधे, आरोप नसलेले वाक्य आता गावातही कानावर पडते.

मर्जीविरुद्ध जाण्याचे शब्द सगळ्यांत नेमके आहेत. दुष्काळ पडला, वसुलीचा जाच झाला, फौज मुलखातून गेली की रयत ‘परागंदा’ होई. मूळ फारसी अर्थ विखुरलेले. एक गेला तर तो निघाला, सगळे चार दिशांना गेले तर परागंदा. मग त्यांना परत बोलवायला सरकार सारा कमी करून ‘कौल’ देई. जे गाव पूर्ण रिकामे झाले ते ‘बेचिराग’, म्हणजे जिथे संध्याकाळी एकही दिवा लागत नाही असे. महसुली दप्तरात वस्ती नसलेल्या गावाला हा शब्द लावत. लोकांनी पुढे त्याचे ‘बेचिराख’ करून त्यात राख आणली आणि अर्थ जळून नष्ट झालेले असा झाला. मूळ शब्दात आग नव्हती, नुसता अंधार होता. ‘देशोधडी’ ला लागलेला माणूस परागंदा माणसाहून वेगळा. त्याला परत बोलावणारे कोणी नसते.

एकट्या माणसाला सरकार घालवते तेव्हा तो ‘हद्दपार’ किंवा ‘तडीपार’ होतो. तड म्हणजे काठ. नदीच्या पलीकडच्या काठाला नेऊन सोडणे हा तडीपारीचा शब्दशः अर्थ. वडगावकडे तो आजही भूगोलाला धरून आहे, कारण वारणा ओलांडली की सांगली जिल्हा लागतो. आता मुंबई पोलीस अधिनियम १९५१, म्हणजे आजच्या नावाने महाराष्ट्र पोलीस अधिनियम, याच्या ५५ ते ५७ या कलमांखाली तडीपारीचा आदेश निघतो. त्याची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे. लगतचे जिल्हेही आदेशात घालता येत असल्याने नुसती नदी ओलांडून भागत नाही. मुदतीत परवानगीशिवाय परत आला तर तो नवा गुन्हा. बळजबरीच्या शब्दांत परतीची तारीख ठरलेला हा एकच असावा.

पुराच्या दिवसांत वारणा-पंचगंगा काठचे लोक जे बोलतात आणि बातम्यांत जे छापून येते, त्यांत मोठे अंतर असते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. जुलै २०२१ मध्येही तो बंद झाला. काठावरची माणसे ‘पाणी चढलं’, ‘पाणी लागलं’, ‘जनावरं हलवली’, ‘म्हातारीला बाहेर काढलं’ असे सांगतात. प्रत्येक वाक्यात कोणी, कोणाला, कुठून हे आहे. आधी जनावरे हलतात, मग पोरेबाळे, आणि घरातला एक जण माळ्यावर थांबतो. बातमीत या सगळ्याचे ‘कुटुंबांचे स्थलांतर’ होते. या शब्दाने मोजदाद सोपी होते हे खरे. पण गडी आपण होऊन निघाला, बोटीतून काढला की पोलिसांनी दम देऊन उठवला, हे त्यात राहत नाही. शिवाय पूर ओसरल्यावर आठ-पंधरा दिवसांत घरी जाणारा आणि पिढ्यान्‌पिढ्या परत न जाणारा, दोघांनाही तोच शब्द लागतो.

परत न जाणारे याच नदीच्या वरच्या अंगाला आहेत. वारणेवर चांदोलीला धरण झाले. त्याच्या जलाशयाचे नाव वसंत सागर आणि साठा ३४.४० टीएमसी. त्या परिसरात १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झाले आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. पाण्यासाठी आणि जंगलासाठी तिथली गावे उठली आणि माणसे सांगली-कोल्हापूर जिल्ह्यांतल्या वसाहतींत आली. ‘गाव उठले’ हा प्रयोग साधा नाही. बसलेले उठते. वस्तीची पांढरी, देऊळ, पार, मसणवटा हे सगळे एकदम जागचे उठल्याशिवाय गाव उठत नाही. म्हणून धरणग्रस्त माणूस ‘मी आलो’ असे न म्हणता ‘आमचं गाव उठलं’ म्हणतो, आणि राग आला की ‘आम्हाला उठवलं’.

सरकारी भाषेनेही या माणसांची नावे बदलत नेली. महाराष्ट्राचा १९७६ चा पुनर्वसन कायदा त्यांना प्रकल्पामुळे ‘विस्थापित’ झालेल्या व्यक्ती म्हणतो. १९८६ चा आणि १९९९ चा कायदा ‘प्रकल्पबाधित’ म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने या बदलाला आधार आहे. लाभक्षेत्रात ज्याची जमीन गेली पण घर राहिले, तोही बाधित असतो, त्यामुळे कायद्याची कक्षा वाढली. त्याच वेळी स्थान गेल्याची नोंद शब्दातून नाहीशी झाली. लोकांनी दोन्ही नावे बाजूला ठेवून ‘धरणग्रस्त’ हा आपला शब्द चालवला. मोर्चाच्या फलकावर, सात-बाराच्या अर्जावर आणि मुलांच्या नोकरीसाठी काढायच्या दाखल्याच्या रांगेत तोच ऐकू येतो. अशा अनेक वसाहतींना उठलेल्या जुन्या गावांचीच नावे दिलेली आहेत आणि पत्त्यात त्या नावापुढे ‘वसाहत’ एवढे जोडतात.